डाग दिसत नाही पण कूलंट कमी होतंय: जुन्या गाडीची गळती शोधायची पद्धत

गाडीखाली डाग नाही, बॉनेट उघडलं तर सगळं कोरडं, आणि तरी दर पंधरा-वीस दिवसांनी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली लेव्हल खाली गेलेली. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की हे दुखणं कधी ना कधी येतंच. मग आपण गॅरेजला जातो, तिथं इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं आत बघतात, काही दिसत नाही, मग 'रेडिएटरची कॅप बदलून बघू', मग 'रेडिएटर जुना झालाय', मग 'वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) टाका एकदा' असं करत करत पैसे जातात आणि पाणी तर जातच राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी ज्या अवस्थेत गळते त्याच अवस्थेत तिला बघायला पाहिजे. थंड, प्रेशर नसलेल्या गाडीत टॉर्च मारून काही दिसत नाही याचा अर्थ गळत नाही असा होत नाही. आणि गळती सापडल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, कॅप सोडून. कॅपचं का ते पुढं सांगतो.

आधी हे प्रेशर काय प्रकरण आहे ते बघू. आमचं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळतं. इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह, बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशाला उघडतो, फॅन लागतो त्याच्याही पुढं, आणि घाट चढताना हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) आतलं पाणी अजून तापतं. म्हणजे उकळी फुटायला फार अंतर नसतंच. म्हणून कॅप सगळी सिस्टीम दाबून धरते. ०.९ बारची, म्हणजे १३ पीएसआयची कॅप असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. आता एखाद्या पाइपला केसाएवढी भेग असली की हेच प्रेशर पाण्याला तिथनं बाहेर ढकलतं, बाहेर गरम लोखंड असतं, थेंब तिथंच चर्र करून वाळतो, खाली काहीच पडत नाही. गाडी थंड झाली की रबर-लोखंड आकसतं, प्रेशर जातं, भेग गप्प बसते. गॅरेजवाला सकाळी बघतो तेव्हा सगळं कसं चकाचक.

हात घालायच्या आधी

गरम गाडीची कॅप उघडायची नाही. फडकं धरून पण नाही, 'हळूच अर्धी फिरवतो' म्हणून पण नाही. १०० अंशाच्या वर असलेलं पाणी प्रेशर सुटल्या क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा पाइप हातानं दाबून बघा, तो मऊ लागला आणि हात टेकवता आला तरच कॅपला हात.

फॅन चावी काढल्यावरसुद्धा कधीही फिरू शकतो, त्यामुळं बोटं, शर्टाची बाही, गळ्यातली साखळी लांब. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड पाहिजेत. आणि काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवून चहाला जायचं नाही, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोड असते, गल्लीतलं कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. लहान पोरं असतील तर जास्तच लक्ष ठेवा.

खरंच कमी होतंय का, ते पक्कं करा

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. बाटलीवर इलेक्ट्रिकची टेप लावा किंवा मार्करनं रेघ मारा. रोज बघू नका, आठवड्यातनं एकदा, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, एकाच जागी सपाटीवर उभी असताना. गरम असताना लेव्हल वर दिसते, उतारावर वेगळी दिसते, त्यामुळं संध्याकाळी ऑफिसातनं आल्यावर बघितलेल्या लेव्हलला अर्थ नाही.

जेवढं ओताल ते मोजून ओता, औषधाच्या बाटलीचं माप घ्या पाहिजे तर, आणि मोबाइलमध्ये तारीख, किलोमीटर, मिलीलिटर टाकून ठेवा. सगळ्यात जास्त माहिती याच्यातनंच मिळते. गाडी उभी असतानाही कमी होत असेल तर गळती बहुतेक बाहेर आहे, थंडपणी गळणारी. किलोमीटरच्या हिशोबात कमी होत असेल तर गरम झाल्यावरची. आणि हायवेला, घाटातच जास्त जात असेल तर लोडखालची, तिथं हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधल्या पॅकिंगचा, संशय घ्यायला जागा आहे.

आणखी एक, बरेच जण बाटली मॅक्सच्या वर गळ्यापर्यंत भरतात. जास्तीचं गरम झाल्यावर बाहेर पडणारच, ती गळती नव्हे.

जुन्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला स्वतःची कॅप असते आणि बाजूची बाटली बिनप्रेशरची असते. अशा गाडीत बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं, कारण कॅपचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला की थंड होताना पाणी बाटलीतनं परत ओढलंच जात नाही. त्यामुळं थंड असताना रेडिएटरची कॅप उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते बघाच, नुसत्या बाटलीवर विसंबू नका. काही गाड्यांत मात्र रेडिएटरला कॅपच नसते, बाटलीच प्रेशरची असते, मग तिथं बाटलीलाच जाणारी बारीक तडा शोधायची. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं असलं की जोडाच्या रेघेवर नखानं चाचपून बघा.

खाली पडलेलं पाणी कसलं आहे

गाडीखाली पुठ्ठा टाका, टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा मोठा मिळाला तर उत्तम, आणि त्यावर चाकं कुठं येतात ते पेनानं लिहा म्हणजे डाग कुठल्या बाजूचा ते नंतर कळतं. एसीचं पाणी बिनवासाचं, बिनरंगाचं, बोटांत चिकट न लागणारं, आणि बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला पडतं. कूलंट बोटांत बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, रंग हिरवा, गुलाबी, निळा काहीही असू शकतो. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी ओतलेलं असलं तर रंग-वास काहीच नसणार, फक्त गंजाचा तांबूसपणा. अशा गाडीत आधी चांगलं रंगीत कूलंट भरा आणि मगच शोधाला लागा, नाहीतर दिसणारच नाही.

पावसाळ्यात हे सगळं अवघड आहे. जुलैमध्ये कोल्हापुरात गाडीखाली कोरडी जागा शोधायची म्हणजे कठीणच. कुणाच्या तरी शेडमध्ये किंवा पार्किंगमध्ये रात्रभर गाडी लावायची सोय करा, नाहीतर ही पायरी सोडून थेट प्रेशर टेस्टला जा.

टॉर्च आणि मोबाइल

आता बघायची वेळ. इंजिन काळं-ओशट असेल तर आधी धुवा. थंड असताना, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, एअर फिल्टरचं तोंड पॉलिथिननं बांधून, ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन जुन्या वायरिंगवर मारून घेऊ नका, एक शोधताना दुसरं दुखणं लागायचं.

धुतल्यावर दोन-चार दिवस चालवा आणि मग बघा. तुम्हाला ओला थेंब शोधायचा नाहीये, वाळलेली खूण शोधायचीय. कूलंट वाळलं की पांढरट-हिरवट पापुद्रा राहतो, किंवा गंजाचा ओघळ. गाडी पळताना वाऱ्यानं थेंब मागं जातो आणि वजनानं खाली, त्यामुळं ओली जागा जिथं दिसते तिथं भोक नसतं. जी खूण सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं ती खरी.

जिथं मान जात नाही तिथं मोबाइल जातो. व्हिडिओ मोड, फ्लॅश चालू, आणि हात घालून इंजिनाच्या मागनं, मॅनिफोल्डच्या खालनं सावकाश फिरवून आणायचा, मग बाहेर बसून निवांत थांबवत थांबवत बघायचं. फक्त इंजिन बंद आणि थंड पाहिजे, नाहीतर गळती सापडायची आणि मोबाइल जायचा.

अजून एक चांगली वेळ म्हणजे गाडी नीट तापवून बंद केल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं. पंप थांबलेला असतो, हेडमधली उष्णता पाण्यात उतरत राहते, त्यामुळं तापमान आणि प्रेशर दोन्ही थोडं वर जातं. कॅप बंद ठेवून, फॅनपासून लांब राहून नुसतं ऐका आणि हुंगा. बारीक फुस्स आवाज, गोडसर वास, वाफेची एखादी रेघ, हे याच वेळी सापडतं.

कॅप

कॅप बदलायला हरकत नाही असं म्हणालो, कारण ती काहीशे रुपयांत येते आणि जुन्या गाडीची कॅप बहुतेक वेळा गेलेलीच असते. वरच्या बाजूला आकडा असतो, ०.९ किंवा १.१ किंवा किलोपास्कलमध्ये ८८, १०८ असं काहीतरी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आहे तोच घ्यायचा. 'जास्त प्रेशरची टाका, गाडी थंड राहील' असं सांगणारे भेटतात, ऐकू नका, वीस वर्षांच्या रेडिएटरला तो जास्तीचा दाब सोसायचा नाही. खालचं रबर कडक झालंय का, चिरलंय का बघा, आणि रेडिएटरचा गळा जिथं हे रबर बसतं तिथं खड्डे-गंज आहे का तेही बघा, गळाच खराब असला तर नवी कॅपपण धरणार नाही. सकाळी खालचा किंवा वरचा पाइप चेपलेला, आत ओढला गेलेला दिसला तर कॅपचा तो आतला, पाणी परत ओढू देणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा.

प्रेशर टेस्ट, खरा मामला इथं आहे

सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला मीटर आणि पुढं वेगवेगळ्या गाड्यांच्या गळ्यांना बसणारे अडॅप्टर, असा किट येतो. रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडं असतो, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात चौकशी केली की मिळेल कुणाकडं तरी. गॅरेजला जाताना 'गाडी बघा' म्हणू नका, 'थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करून द्या, अर्धा तास ठेवून' असं म्हणा. म्हणजे गाडी रात्री तिथं सोडायची किंवा सकाळी टोचण करून (दुसऱ्या गाडीनं ओढत) न्यायची, कारण गरम गाडीवर ही टेस्ट करण्यात अर्थ कमी आणि धोका जास्त.

पाणी गळ्यापर्यंत भरायचं, हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवायचा म्हणजे हीटरचा रस्तापण उघडा राहतो, कॅपच्या जागी टेस्टर लावायचा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच पंप मारायचा. त्याच्यावर नाही. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून जुगाड करू नका, त्याचं प्रेशर कितीतरी पट असतं, एका झटक्यात हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) फुटायची.

आता काटा बघा. पंधरा-वीस मिनिटं तिथंच राहिला तर थंडपणी गळती नाही. खाली आला आणि कुठं तरी थेंब दिसला तर काम झालं. खाली आला आणि कुठंच थेंब नाही, तर आधी टेस्टरचा स्वतःचा जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, आणि तो ठीक असेल तर पाणी केबिनमध्ये जातंय नाहीतर इंजिनाच्या आत. सगळा तपास या वळणावर ठरतो.

आमच्या मामांची राजारामपुरीत २००५ सालची एक पेट्रोल हॅचबॅक आहे, तिचं हेच झालेलं. कॅप नवीन, रेडिएटर नवीन, वॉटर बॉडी नवीन, आणि तरी बाटली खाली. मामा वैतागून म्हणायचे, "अरं पण पाणी जातंय कुठं? इंजिन पितंय का काय?" शेवटच्या मेकॅनिकनं तर हेड उघडायचं ठरवलेलंच. म्हटलं मामा थांबा, हेड उघडल्यावर खर्चाला तळ नाही, तुम्ही आधी रात्रभर गाडी ठेवून प्रेशर टेस्ट करून घ्या. टेस्टर लावला, काटा हळूहळू खाली यायला लागला, खाली फरशी कोरडी. इंजिनाच्या मागं मोबाइल घालून व्हिडिओ काढला तर गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर जो खोलगट भाग असतो तिथं पंख्यासारखा पसरलेला पांढरट-हिरवा थर, त्याच्या मधोमध छोटंसं ओलं डबकं. वर इनटेक मॅनिफोल्डच्या खालनं जाणारी एक लोखंडी पाणी-नळी, तिला धरून ठेवणारी पट्टी जिथं टेकते बरोबर तिथं गंजाचा फुगवटा, आणि फुगवट्याच्या टोकाला थेंब धरत होता, पडत होता, परत धरत होता. पडायचा तो हाऊसिंगच्या खड्ड्यात, आणि गाडी चालली की तिथंच वाळायचा. जमिनीवर डाग येणार तरी कसा. नळी बदलली, दोन्ही टोकांचे पाइप आणि क्लिपा नवीन टाकल्या, त्यानंतर बाटलीची लेव्हल हललेली नाही.

कुठं कुठं बघायचं

वरचा आणि खालचा मोठा पाइप सगळेच बघतात, त्यामुळं गळती तिथं असली तर ती गूढ राहत नाही. पाइप दाबल्यावर कुरकुरला, किंवा तोंडापाशी फुगलाय, तेलकट-मऊ झालाय, तर बदलायचा. थंडीत पहाटे गळणारी आणि गाडी तापल्यावर बंद होणारी गळती बहुतेक क्लिपची असते, रबर कडक होऊन आकसतं आणि क्लिप सैल पडते. क्लिप आवळताना जोर काढू नका, प्लॅस्टिकच्या टाकीचं नळकांडं तडकतं.

रेडिएटरचं म्हणाल तर जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यातले तांब्या-पितळेचे रेडिएटर डाख देऊन (सोल्डर करून) दुरुस्त व्हायचे. आताचे ॲल्युमिनियमचे, वर-खाली किंवा बाजूला प्लॅस्टिकची टाकी, आणि दोन्हीच्या मधे रबर घालून पत्र्याचे दात वळवून दाबलेले. तिथंच, त्या दातांच्या ओळीत पाझरतं. बाहेरून एम-सील थापून ते थांबत नाही, प्रेशर आलं की परत सुटतं.

वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथनं बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ असेल तर पंप गेला, त्यात दुमत नाही. काही लोक भोकच बुजवतात, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप रस्त्यात जाम होतो. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथं ओघळ कव्हरच्या आत असतो, कव्हरचा खालचा काठ बघा, आणि पंप बदलताना बेल्टपण बदलून टाका, मजुरी तीच पडते.

थर्मोस्टॅटच्या घराचं गॅस्केट, थ्रॉटल बॉडीला किंवा कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डला जाणारे बोटाएवढे पाइप, हे सगळे दुर्लक्षित नातेवाईक. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाटीसारखे कोअर प्लग असतात, साधं पाणी वापरलेल्या गाडीत ते आतनं गंजतात, एक्झॉस्टच्या मागं लपलेला असला तर त्याचं पाणी बाहेर पडायच्या आधीच वाफ होतं.

गॅस किट असलेली गाडी असेल तर इकडं आधी बघा. एलपीजी-सीएनजीचा रेड्यूसर, म्हणजे गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग, गोठू नये म्हणून त्याला गाडीचंच गरम पाणी दिलेलं असतं, हीटरचा पाइप कापून टी-जोड मारून. म्हणजे एका जागी चार-सहा नवीन क्लिपा, त्यातल्या बऱ्याच स्वस्तातल्या. आणि रेड्यूसरच्या आतलं सील गेलं तर पाणी गॅसच्या वाटेनं थेट इंजिनात जातं, लक्षणं सगळी हेड गॅस्केटसारखी. हेड उघडायच्या आधी रेड्यूसरचे दोन्ही पाइप तात्पुरते बाजूला काढून, एकमेकांना जोडून, गाडी पेट्रोलवर चालवून बघा. गॅसचं काम मात्र किटवाल्याकडूनच, स्वतः नको.

केबिनमध्ये

पुढच्या डाव्या सीटचं कार्पेट उचलून खाली हात घाला. चिकट ओलं असेल, काचेवर आतनं तेलकट वाफ धरत असेल, ब्लोअर लावल्यावर गोड वास येत असेल, तर हीटर कोअर. एसीचं ड्रेन तुंबल्यावरही कार्पेट ओलं होतं, पण ते पाणी चिकट नसतं. आपल्याकडं हीटर कोण लावतंय म्हणून बरेच मेकॅनिक हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून देतात. डॅशबोर्ड उतरवायचं काम मोठं आहे, त्यामुळं तात्पुरतं म्हणून मला हे चालतं, फक्त जोड चांगल्या पाइपचा आणि चांगल्या क्लिपांचा पाहिजे. गगनबावडा-आंबोलीला पावसात जाणं असेल तर काच साफ ठेवायला एसी चालू पाहिजे हे मात्र लक्षात ठेवा.

इंजिन पितंय का

बाहेर काही नाही, केबिन कोरडी, काटा खाली येतोय. आता हेड गॅस्केट, किंवा हेडला गेलेली तडा. डिझेलमध्ये आणखी एक लपलेली जागा म्हणजे ईजीआर कूलर, परत इंजिनात सोडायचा एक्झॉस्टचा वायू पाण्यानं थंड करणारा, तो फुटला की पाणी गुपचूप एक्झॉस्टमधनं निघून जातं.

टेस्टर रात्रभर प्रेशरवर ठेवा. सकाळी सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, आणि सेल्फ मारा, प्लगच्या भोकांसमोर तोंड नको. एखाद्या भोकातनं फवारा आला तर तो सिलिंडर सापडला. काढलेले प्लग ओळीत मांडून बघा, सगळे भुरकट आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथं पाणी जातंय.

दुसरी टेस्ट निळ्या पाण्याची. रेडिएटरच्या गळ्यावर काचेची नळी ठेवून वरची हवा निळ्या द्रावातनं ओढतात, पेट्रोल इंजिनाचा जळका वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी करून घ्या, नाहीतर कूलंटच ओढलं जाऊन द्राव खराब होतो आणि निकाल खोटा येतो. हे नसेल तर साधं निरीक्षण करा, थंड गाडी, कॅप उघडी, गळ्याला फनेल, इंजिन सुरू. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबतच नसतील, आणि रेस दिली की वाढत असतील तर वायू येतोय. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तरी तेच. पाणी तापायच्या आधी प्रेशर आलं म्हणजे ते सिलिंडरमधनं आलं.

दोन लक्षणांवर मात्र घाईनं विश्वास ठेवू नका. डिसेंबरात सकाळी सायलेन्सरमधनं पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांची येते, गाडी पूर्ण तापल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास असेल तरच काळजी. आणि ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही धरतो. डिपस्टिक बघा. काडीवरचं ऑइलच चहाच्या रंगाचं झालं असेल तर गाडी तिथंच बंद, गॅरेजपर्यंत चालवत न्यायची पण नाही, टोचण करून न्या, नाहीतर बेअरिंगं जातील.

हेड उघडावंच लागलं तर त्या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान, ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या जिवावर उभं राहिलेलं गाव आहे, उद्यमनगरात हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट) करणारी चांगली मशीन शॉप्स आहेत. फक्त 'फेसिंग करून द्या' एवढंच सांगू नका. आधी सरळपट्टी आणि फिलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) वाकलंय किती ते मोजायला लावा, हेडला प्रेशर टेस्ट करून तडा बघायला लावा, आणि ब्लॉकचा पृष्ठभागपण तपासा. तडा असलेल्या हेडला कितीही फेसिंग करा, नवीन गॅस्केट वायाच.

तरी सापडत नसेल

यूव्ही डाय म्हणून एक रंग मिळतो, कूलंटमध्ये टाकायचा, आठवडाभर गाडी चालवायची आणि रात्री अंधारात जांभळ्या टॉर्चनं बघायचं, गळतीची वाट पिवळसर-हिरवी चमकते. फार हळू गळणाऱ्या गाडीला हा उपाय लागू पडतो.

नाहीतर लोड देऊन बघा. टेम्परेचरचा काटा एरवी स्थिर असेल तरच, वाघबीळ मार्गे पन्हाळ्याचा चढ चढवा, वर पोचल्यावर इंजिन बंद करून कॅप न उघडता आधी सांगितलं तसं हुंगा-ऐका. सोबत पाणी ठेवा. काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, आणि बाजूला थांबा.

हळद, लीक बंद करणारी पावडर

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रक ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा सगळ्यांना माहीत आहे. आंबा घाटात रात्री अडकलात तर टाका, गाव गाठा. पण जी पूड भेग बुजवते तीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यापण बुजवते, दुकानात मिळणाऱ्या बाटलीतल्या औषधाचंही तेच. वापरलं असेल तर दुरुस्तीनंतर सिस्टीम पूर्ण फ्लश करून घ्या.

भरताना

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा आधीच मिसळलेलं रेडिमेड. रेडिमेडमध्ये परत पाणी घालू नका. आपल्याकडं गोठायचा प्रश्न नाही, पण गंज थांबवणारी औषधं कूलंटमध्येच असतात, म्हणून ते पाहिजेच. रंगावरनं जात ठरवू नका, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा, दोन जातींचं मिश्रण करू नका.

भरून झालं की हवा काढायची. गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटर फुल गरम, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल, आणि थंड इंजिनात सावकाश ओतत राहायचं. मग कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडून खालचा पाइप गरम होईपर्यंत थांबा, लेव्हल बसली की भरून कॅप लावा. हे फक्त रेडिएटरला कॅप असलेल्या गाड्यांसाठी, प्रेशरच्या बाटलीवाल्यांनी मॅन्युअलमधली पद्धत वापरा. पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळी लेव्हल थोडी खाली दिसेल, ती राहिलेली हवा निघाल्यामुळं. तेवढं भरा, नवीन रेघ मारा, आणि मिलीलिटरची नोंद तिथून पुढं परत शून्यापासून सुरू करा.